कोठाराच्या नावानं ओ

“आधी आकड्यानं हाक मार. ओ आली की मग नावानं मार. दोन्हींना ओ आली तर वाट धड आहे असं समज, आणि घरात काय बिघडलंय ते बघ.”

तात्यांचा हा आवाज तारवालीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. जरासा घोगरा, कसलीच घाई नसलेला. तात्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. त्याआधी सहा वर्षं ती त्यांच्या हाताखाली शिकली होती, आणि ते गेल्यावर कचेरीतल्या अकरा संगणकांची, त्यांच्यामधल्या तारांची आणि त्यांच्या आपापसातल्या रुसव्याफुगव्यांची जबाबदारी तिच्यावर आली होती. ‘तारवाली’ हे नाव चित्रकारानं ठेवलं. पहिल्या दिवशी ती खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन जिना चढली तेव्हा तो म्हणाला होता, “आल्या तारवालीबाई.” तेच चिकटलं. तिनंही कधी हरकत घेतली नाही.

कचेरी अंध मुलांसाठी पुस्तकं तयार करायची. खालच्या मजल्यावर दाराशी साहेबांची खोली, आणि तिच्यामागे जाड कागदावर ठिपके उठवणारं छपाईचं यंत्र. ते चालू असलं की जिन्याचा कठडाही बारीक थरथरायचा. वरच्या मजल्यावर एकच लांब दालन. त्याच्या एका टोकाला चित्रकार बसायचा. तो पानाफुलांची, हृदयाची, नकाशांची चित्रं बोटांना कळतील अशा उंच रेषांमध्ये काढायचा. दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी आक्का बसायच्या. आक्का जन्मापासून अंध. छापायला जाणारं प्रत्येक पान आधी त्यांच्या बोटांखालून जायचं. सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून चूक सुटली नाही असं सगळे म्हणायचे, आणि आक्का हसून म्हणायच्या, नजरेचं मला काय सांगता, बोटांचं बोला.

आक्कांच्या टेबलावरचा संगणक कचेरीतला सगळ्यांत जुना. त्याच्यासमोर ठिपक्यांची पट्टी होती. पडद्यावरची एकेक ओळ त्या पट्टीवर बारीक खिळ्यांनी वर यायची, आक्का ती बोटांनी वाचायच्या आणि पुढची मागवायच्या. ती पट्टी ज्यांनी बनवली त्यांनी तो धंदा केव्हाच बंद केला होता, आणि नव्या कुठल्याही यंत्राला ती ओळखत नव्हती. तिची आणि त्या जुन्या खोक्याची जोडी होती, म्हाताऱ्या नवराबायकोसारखी. एकाला हलवलं की दुसरं संपलं.

सोमवारी सकाळपासून आक्कांच्या संगणकाला कोठार उघडेना.

कोठार म्हणजे कपाटात ठेवलेलं एक काळं खोकं. कचेरीतली सगळी पुस्तकं, सगळी पानं त्यात साठवलेली असत. ते नाव तात्यांनीच दिलेलं. बाकी दहाही जणांनी ‘कोठार’ म्हटलं की कोठार उघडत होतं. चित्रकाराचा पांढराशुभ्र संगणक वेगळ्या जातीचा, खालच्या छपाईवाल्याचा आणखी वेगळ्या जातीचा, तरी त्यांनाही ते सापडत होतं. आक्कांच्या संगणकाला मात्र नाही.

तारवालीनं सोमवारी तात्यांच्या शिकवणीप्रमाणे केलं. आक्कांच्या संगणकावरून कोठाराला आधी आकड्यानं हाक मारली. प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो, माणसाच्या घराला असतो तसा. नावं आपल्या सोयीची, यंत्रं मात्र शेवटी आकड्यानंच एकमेकांकडे जातात. कोठाराचा आकडा वीस, हे तिला पाठ होतं. विसानं ओ दिली. मग तिनं नावानं हाक मारली. नावालाही विसाचीच ओ आली. म्हणजे वाट धड होती. पण दार उघडायला गेलं की पलीकडून साफ नकार. तिनं दोन दिवस परोपरीनं करून पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं की हा संगणक आता म्हातारा झाला, कोठाराची नवी भाषा त्याला उमगत नाही.

ते दोन दिवस पानं पेनड्राइव्हवर घालून आक्कांपर्यंत न्यावी लागली. त्यातच मंगळवारी घोटाळा झाला. तपासलेलं पान राहिलं बाजूला आणि न तपासलेलं खाली गेलं. त्याच्या चाळीस प्रती ठोकून झाल्यावर ते आक्कांच्या हाताला लागलं. बुधवारी सकाळी साहेब वर आले आणि त्यांनी तारवालीला विचारलं की नेमकं दुखणं काय आहे. ती तेव्हा टेबलाखाली वाकलेली होती. तिथूनच ती म्हणाली, “जुनंच झालंय ते, साहेब.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिच्या तोंडून शब्द गेला तसा साहेबांनी फोन लावला. जुनं सामान नेणारा माणूस चार वाजता गाडी घेऊन येणार होता. साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांनी आक्कांना समजावून सांगितलं की तुम्हाला नवा संगणक देऊ, तो छान मोठ्यानं वाचून दाखवतो, तुम्ही नुसतं ऐकायचं. आक्का बरं म्हणाल्या. साहेब जिना उतरून गेल्यावर मात्र त्या बराच वेळ पट्टीवरून रिकामीच बोटं फिरवत राहिल्या.

“ऐकून चूक सापडत नाही गं,” त्या हळूच म्हणाल्या. “आवाज सगळं गोड करून सांगतो. कुठे ठिपका जास्त पडला, कुठे जागा सुटली, ते बोटालाच कळतं. पट्टी गेली की मी इथे शोभेची.”

तारवाली टेबलाखालून बाहेर आली. ती म्हणाली, मी दोन दिवस बघितलंय, आक्का. आक्कांनी विचारलं, नीट बघितलंस ना? त्यावर तिला पटकन हो म्हणता येईना. आक्कांनी अंदाजानं हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

“मग चार वाजेपर्यंत आणखी एकदा बघ. आणि जे सापडेल ते साहेबांना जसंच्या तसं सांग. यंत्र मेलं असेल तर मेलं म्हण, मी रडत बसणार नाही. पण अर्धंमुर्धं सांगू नकोस.”

“सांगेन, आक्का. शब्द दिला.”

चित्रकार पलीकडून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, तारवालीबाई, शब्द जपून द्या, पेनड्राइव्हवर घालून परत आणता येत नाही. आक्का त्याला म्हणाल्या, तू आपलं हृदय काढ मुकाट्यानं, काल त्याला तीनच कप्पे होते. चित्रकार पुन्हा कप्पे मोजायला लागला.

साडेअकरा झाले होते. तारवालीनं ठरवलं की घाई करायची नाही. तिनं विसाला हाक मारायची आज्ञा दिली, आणि या वेळी एकदा नाही तर आपण थांबवेपर्यंत हाका मारत राहा असं सांगितलं. आक्कांचा संगणक पडद्यावर आलेलं बोलूनही दाखवायचा. तो सपाट आवाजात सांगू लागला, उत्तर आलं, वीस. उत्तर आलं, वीस. आवाज बंद करू का असं तिनं आक्कांना विचारलं. असू दे, त्या म्हणाल्या, निदान ओ तरी देतोय बिचारा. हाका तशाच चालू ठेवून तारवाली कपाटाकडे गेली. तिनं कोठाराच्या तारा काढून पुन्हा बसवल्या. मग टेबलाखाली जाऊन भिंतीतली तार तपासली आणि तिचं टोक नवीन करून टाकलं. काही उपयोग झाला नाही. हाकांना ओ येत होती आणि दार बंद ते बंदच.

साडेबाराच्या सुमारास आवाज बदलला. उत्तर नाही. उत्तर नाही. तारवाली धावत आली. कपाटापाशी कोणीच नव्हतं, कोठाराचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता, आणि चित्रकार त्या घटकेला कोठारातूनच आपलं हृदय उघडून बसला होता. मग ओ का थांबली? तिला काहीच उमजेना. तिनं तारेचं नवं टोक तीनदा तपासलं. आपल्याच हातून काहीतरी आणखी बिघडलं, असं वाटून तिचे कान तापले. डबा उघडायचंही तिला भान राहिलं नाही.

सव्वा वाजून गेला आणि आवाज पुन्हा बोलू लागला. उत्तर आलं, वीस. उत्तर आलं, वीस.

आक्का जेवण उरकून हात पुसत होत्या. त्यांनी मान जराशी कलती केली. काही ऐकायचं असलं की त्या असंच करायच्या.

“एक सांगू का गं? मला त्यातलं काही कळत नाही.”

“सांगा ना, आक्का.”

“साहेब जेवायला घरी गेले, खालचं दार वाजलं, आणि हा गप्प झाला. आत्ता दार वाजलं, साहेब आले, आणि हा बोलायला लागला. योगायोग असेल म्हणा.”

तारवाली जागच्या जागी थांबली. तात्यांचं वाक्य तिच्या मनात पुन्हा उमटलं, आणि पहिल्यांदाच तिला त्यातली फट दिसली. ओ आली की वाट धड, हे खरं. पण ओ दिली ती कोणी? हे तिनं विचारलंच नव्हतं. विसानं ओ दिली म्हणजे कोठारानं दिली, असं ती धरून चालली होती, कारण वीस म्हणजे कोठार हे तिला सात वर्षांपासून पाठ होतं.

ती चित्रकाराच्या संगणकापाशी गेली आणि तिथून कोठाराला नावानं हाक मारली. ओ आली ती सदतिसाची.

मग तिनं राउटरची यादी उघडली. भिंतीवरचा तो पांढरा डबा सगळ्या यंत्रांना आकडे वाटून द्यायचा, आणि कोणी नाव विचारलं की आकडा सांगायचा. यादीत कोठारापुढे सदतीस हा आकडा होता. आणि विसापुढे होता साहेबांचा फोन.

चित्रकार खांद्यावरून बघत होता. त्यानं तोंडावर हात धरला तरी हसू फुटलंच. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो म्हणाला, तीन दिवस आक्का साहेबांच्या खिशाचं दार वाजवत होत्या, आणि साहेबांचा फोन बिचारा प्रत्येक वेळी ओ देऊन म्हणत होता, आहे मी, पण पुस्तकं नाहीत हो माझ्याकडे. आक्काही हसल्या. तारवाली नुसती ओठातल्या ओठात हसली, कारण तिला पुढचं दिसू लागलं होतं.

बाकी सगळे संगणक नाव राउटरला विचारत होते, म्हणून त्यांना सदतीस कळलं. आक्कांचा संगणक राउटरला विचारतच नव्हता. प्रत्येक संगणकाच्या आत नावांची एक छोटी टिपणवही असते. तो आधी तिच्यात बघतो आणि तिथे सापडलं तर बाहेर कोणालाच विचारत नाही. सहसा ती वही कोरी असते. तारवालीनं आक्कांच्या संगणकातली वही उघडली. आत एकच ओळ होती. कोठार, वीस. आणि तिच्या वर यंत्र वाचत नाही अशी, माणसांसाठीची ओळ होती. आपलीच भाषा, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. ‘आक्कांसाठी. पुसू नका. का, ते त्यांना विचारा.’

तात्यांचीच. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

तिचा हात ती ओळ पुसायला गेलाच होता. पुसली की संगणक राउटरला विचारेल, सदतीस मिळेल, दार उघडेल, संपलं. पण तात्यांनी विचारा म्हटलं होतं, म्हणून तिनं विचारलं.

आक्का म्हणाल्या, अगं बाई, ते अजून आहे का त्यात? मग त्यांनी सांगितलं. हा संगणक बाहेर नाव विचारायला गेला की याला वेळ लागतो. आधी कुठल्यातरी जुन्या ठिकाणी विचारतो, तिथून कोणी बोलत नाही, मग दुसरीकडे जातो. अर्धा मिनिट, कधी मिनिटभर. डोळस माणसाला पडद्यावर काहीतरी गरगर फिरताना दिसतं, म्हणून तो थांबतो.

“मला काय दिसणार? पट्टी सपाट आणि आवाज बंद. थांबलाय की मेलाय, तेच कळायचं नाही. दर पानाला जीव टांगणीला. मी तात्यांना एकदाच बोलले. त्यांनी त्याच दिवशी काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, आक्का, आता हा कोणाला विचारणार नाही, थेट जाईल.”

तारवालीनं ती ओळ पुसली नाही. राउटरमध्ये जाऊन तिनं सदतीस हा आकडा कोठाराच्या नावे कायमचा बांधून टाकला, म्हणजे उद्या तो दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही. मग टिपणवहीत विसाच्या जागी सदतीस लिहिलं. तात्यांच्या ओळीखाली आपली एक ओळ घातली. ‘राउटर बदलला तर हाही आकडा बदला.’ आणि आक्कांना म्हणाली, बघा बरं.

आक्कांनी कोठार मागितलं. एक क्षणही गेला नाही. पट्टीवर टकटक टकटक करत खिळे वर आले, आणि आक्कांची बोटं डावीकडून उजवीकडे धावली. दुसरी ओळ, तिसरी ओळ. चौथ्या ओळीशी बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

“इथे जागा सुटलीय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की तारवालीनं आपली मान दुसरीकडे वळवली.

सव्वातीन वाजले होते. सगळं इतकं सोपं होतं, म्हणूनच ते तिला जड झालं. जुन्या राउटरमध्ये तात्यांनी प्रत्येक यंत्राचा आकडा बांधून ठेवला होता. शनिवारी तिनं तो राउटर काढून नवा बसवला तेव्हा ती यादी तिच्या समोर होती, तात्यांच्याच अक्षरातली, जुन्या डब्याच्या पाठीला चिकटवलेली. तिनं ती वाचली आणि मनात म्हणाली, नावं आहेत ना, आकडे हवेत कशाला? तिनं एकही आकडा बांधला नाही, आणि नव्या राउटरनं ते आपल्या मनानं वाटले. एका सकाळीत सगळी कचेरी नव्या राउटरवर आणली म्हणून साहेबांनी सोमवारी चारचौघांत तिचं कौतुक केलं होतं. तिलाही ते गोड लागलं होतं. त्याच वेळी वरच्या मजल्यावर आक्कांचा संगणक साहेबांच्या फोनला कोठार समजून हाका मारत होता. आणि मग तिनंच त्याला म्हातारा ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही चोरानंच सुनावलेली.

चित्रकारानं तिचा चेहरा पाहिला असावा. तो खुर्ची सरकवून जवळ आला आणि आक्कांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, “चालू झालं ना? मग चालू झालं एवढंच सांगा. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता?”

आक्कांना ऐकू जाणार नाही असं त्या दालनात काहीच नव्हतं. पण त्यांची बोटं थांबली नाहीत, आणि त्यांनी मानही कलती केली नाही.

तारवालीनं मनाशी ते बोलून पाहिलं. साहेब, चालू झालं. साहेब काय म्हणतील तेही तिला ठाऊक होतं. आज चाललं, उद्या बसेल, जुनं ते जुनंच, तुम्हीच तर म्हणालात. आणि त्यात त्यांचं काही चुकणार नव्हतं. खोक्याचं वय तिनं काढलं होतं, दुखणं म्हणून तेच सांगितलं होतं. दुखणं खोक्यात नव्हतंच हे तिच्याखेरीज कोणाला सांगता येणार नव्हतं, आणि ते सांगायचं तर दुखणं कुठे होतं हेही सांगावं लागणार होतं. अर्ध्या सांगण्यानं पट्टी वाचणार नव्हती. आक्कांनी सकाळी शब्द घेतला तेव्हा त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्यांनी तेवढंच मागितलं असतं, असं तिला वाटलं.

ती चित्रकाराला म्हणाली, धोंडा शनिवारीच पडलाय, आता फक्त पाय दाखवायचा आहे. त्यानं खुर्ची मागे वळवली. परत जाऊन बसला आणि हृदयाचा चौथा कप्पा काढू लागला.

तारवालीनं तारांचे तुकडे गोळा करून केराच्या टोपलीत टाकले आणि हात धुऊन आली. जुना राउटर खिडकीखाली पडून होता. त्याच्या पाठीवरची यादी तिनं नखानं अलगद सोडवली. कागद पिवळा पडला होता, पण फाटला नाही. साहेबांना तोंडी सांगून नीट कळलं नाही तर दाखवता येईल, म्हणून तिनं तो घडी न घालता तळहातावर धरला. चाराला पंचवीस मिनिटं होती. गाडी यायच्या आधी बोलणं व्हायला हवं होतं.

“आक्का, खाली जाऊन येते,” ती म्हणाली.

“ये,” आक्का म्हणाल्या, आणि पुढची ओळ मागवली.

खाली छपाईचं यंत्र चालू होतं, कठडा थरथरत होता. तारवाली कठड्याला हात न लावता, दोन्ही हातांत कागद सपाट धरून, एकेक पायरी उतरत साहेबांच्या खोलीकडे निघाली.